आजीची बोरमाळ आणि उजवीकडचा चोर

सत्तरच्या दशकात बंगलोरच्या कुक टाऊनात वाढलेली आम्ही चुलत-आत्तेभावंडं एकत्र जमलो, की नोकऱ्या आणि मुलंबाळं यांच्या गप्पा ओसरल्यावर हटकून आजीवर येतो. आजीचं माहेर केडगावचं, सासर अहमदनगरचं. थोरले काका आणि बाबा आयटीआयच्या टेलिफोन कारखान्यात लागले, तेव्हा तीही ट्रंक, पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ घेऊन इकडे आली. गल्लीत तमिळ, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी असा आमचा कारभार. देवाशी मात्र मराठीतच बोलायचं, हा तिचा दंडक.

गुड फ्रायडेला घरातली चूल दुपारी तीननंतरच पेटायची. बारा ते तीन कँटोन्मेंटातल्या देवळात वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर इंग्रजी प्रवचनं. आम्हां लहानांना डुलक्या लागायच्या. घरी येऊन पेज आणि लोणचं पोटात गेलं, की संध्याकाळी चटया अंथरून आजीची उपासना. काका पेटीवर, बाबा टाळ धरून, आणि भजनं बहुतेक रेव्हरंड टिळकांची. कीर्तन-अभंगांच्या घरात वाढलेला माणूस १८९५ साली बाप्तिस्मा घेतो आणि येशूला त्याच अभंगाच्या चालीत हाक मारतो, याचं आजीला फार अप्रूप. त्या भजनांमुळेच येशू आम्हाला कधी परका वाटला नाही.

भजनं झाली की लूकचा तेविसावा अध्याय. येशूच्या दोन बाजूंना दोन गुन्हेगार. एक टोमणे मारतो. दुसरा, आजी त्याला उजवीकडचा चोर म्हणायची, फक्त आठवण ठेव म्हणून विनवतो आणि त्याच दिवशी सुखलोकात जातो. एका वर्षी आमचा थोरला चुलतभाऊ उसळलाच. “आजी, हे बरोबर नाही. त्यानं काहीच केलं नाही. चर्चला गेला नाही, दान दिलं नाही, बाप्तिस्मासुद्धा नाही.”

आजीनं चष्मा काढून पदरानं पुसला. “करायला त्याच्याकडे उरलं काय होतं रे बाळा? हात खिळलेले, पाय खिळलेले. मागण्यापुरतं तोंड मोकळं होतं, तेवढं त्यानं वापरलं. तारण कमवायचं असतं तर तो तिथेच मेला असता, आणि आपणही.”

आमच्या घराची श्रद्धा एवढ्या चार वाक्यांत होती. पुढे आमच्यातले दोघं बेन्सन टाऊनच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातली व्याख्यानं ऐकायला जायचे, ग्रंथ वाचायचे. पण चर्चा अडली की आजीच्या चोरापाशीच येऊन थांबायची.

देवानं आपला राग शमवायला पोटच्या पुत्राचा बळी घेतला, असं कुणी सांगितलं की मात्र ती चिडायची. “वर बसून बघत नव्हता तो. खिळ्यांवर होता, तोच देव होता,” असं म्हणायची. पित्याचं दुःख आणि पुत्राची वेदना ही तिच्या लेखी एकाच प्रेमाची. शिक्षा दुसऱ्यावर ढकलून मोकळा झालेला देव तिला मान्यच नव्हता. किंमत स्वतः मोजणारा देव तिला ठाऊक होता. मला आजही हेच बरोबर वाटतं.

हे तिला तिच्या आईकडून आलेलं. पणजी मध्य प्रांतातली, १८९६-९७च्या दुष्काळात अनाथ झालेली पोर. पंडिता रमाबाई स्वतः त्या भागात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या, त्यांतली एक. रमाबाईंचे आईवडील आणि बहीणही दुष्काळातच गेले होते. भूक म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्पष्ट सांगतात, की आधी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो कितीतरी वर्षांनी. तारण ही पुण्याईची मजुरी नाही, ते द्यायला देव आत्ता तयार आहे, एवढंच त्यांना उमगायचं राहिलं होतं. एवढ्या विदुषीला एवढी वर्षं लागली, म्हणून आम्हाला कळायला वेळ लागला तर आजी रागवत नसे.

धाकट्या काकांना रेसचा नाद होता. एकदा त्यांनी काकूच्या पाटल्या गहाण टाकल्या. घरात रडारड झाली, बाबांनी बोलणं टाकलं. आजी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी स्वतःची बोरमाळ मोडून तिनं पाटल्या सोडवून आणल्या आणि काकूच्या हातात घातल्या. पगार झाल्यावर काका पैशांचं पाकीट घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. तिनं हात लावला नाही. “मिटलं ते,” एवढंच म्हणाली. काका उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले, ते आम्ही खिडकीतून पाहिलं. त्यानंतर ते रेसकोर्सकडे फिरकले नाहीत. कुणी शपथ घातली नव्हती, अट घातली नव्हती. आजीचा गळा मात्र शेवटपर्यंत मोकळाच राहिला.

ती गेली तेव्हा तिचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आलं. लूकची पानं तेलकट बोटांनी पिवळी पडलेली, योहानाच्या तिसऱ्या अध्यायापाशी सुती दोरा. आम्हां भावंडांची मुलं आता सर्जापूर रोडला, व्हाइटफील्डला राहतात, उपासना इंग्रजीत करतात. त्यात वाईट काही नाही; देवाला भाषेची अडचण नसते. पण आजीचं ते चोराचं उत्तर इंग्रजीत सांगून पाहिलं आणि मला ते जमलं नाही.

म्हणून बेंगळुरूतल्या मराठी ख्रिस्ती घरांना एक विनंती आहे. मराठी पवित्र शास्त्र छापणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाची मुख्य कचेरी आपल्याच महात्मा गांधी रस्त्यावर आहे. घरात प्रत नसेल तर घेऊन या. येत्या गुड फ्रायडेला लूकचा तेविसावा अध्याय मुलांना मराठीतून वाचून दाखवा. एखादं पोर “हे बरोबर नाही” म्हणालं, तर त्याला गप्प करू नका.