चोर सोडून गुलाबाला फाशी

मांजर मुळात मांसाहारी. तरीही कुंडीतले हिरवे पान दिसले, की ते हुंगल्याशिवाय आणि थोडे कुरतडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नंतर ते ओकले, की घरच्यांचा पहिला संशय कुंडीवर. त्यातून कुंडीत गुलाब असेल तर बघायलाच नको! काटेरी झाडावर आळ यायला कितीसा वेळ लागतो?

एका मध्यमवर्गीय घरात नेमके हेच झाले. सासूबाईंनी बारा वर्षे जिवापाड जपलेला गावठी गुलाब आणि नातीने भर पावसातून उचलून आणलेले पिल्लू, दोघेही एकाच गॅलरीत वाढत होते. एके सकाळी पिल्लाच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय थरथरू लागले. "गुलाबच बाधला असणार," शेजारीण म्हणाली. नात रडतच म्हणाली, "आजी, ती कुंडी फेकून दे ना!" सासूबाई गप्प झाल्या. सुनेला कळेना, समजूत कुणाची घालावी?

पशुवैद्यांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला, "कुंडीत औषध काय घातलंत?" मग उलगडा झाला. दोनच दिवसांपूर्वी माळ्याने माव्यासाठी मातीत दाणेदार कीटकनाशक मिसळले होते. पिल्लाने ती माती उकरली आणि सवयीप्रमाणे पंजे चाटले. वेळेवर उपचार झाले म्हणून ते बचावले. नाही तर पिल्लूही गेले असते आणि गुलाबही, तोही विनाकारण.

खरे तर गुलाबाची पाने, पाकळ्या, देठ मांजराला विषारी नाहीत. अमेरिकेतील 'एएसपीसीए' या प्राणीसंस्थेच्या यादीतही गुलाब बिनविषारी झाडांत आहे. पाने जास्त खाल्ली तर पोट बिघडेल, काट्याने पंजा, तोंड किंवा डोळा दुखावेल. जखम चिघळू नये म्हणून तिकडे लक्ष हवे, इतकेच.

भीती असते ती गुलाबाच्या सोबतीची. कीटकनाशक, गोगलगाईंसाठी टाकलेल्या विषारी गोळ्या आणि एरंडीची पेंड यांपासून मांजराला दूरच ठेवावे. हाडांच्या खताच्या वासाने ते ओढले जाते आणि खत पोटात गेले की आजारी पडते. नावालाही फसू नये. 'डेझर्ट रोझ' म्हणून मिळणारे अडेनियम गुलाब नव्हेच. ते कण्हेरीच्या कुळातले असून त्याचा चीक हृदयाला घातक असतो.

सर्वांत मोठा धोका तर अंगणात नव्हे, दिवाणखान्यात असतो. वाढदिवसाच्या पुष्पगुच्छात गुलाबांशेजारी अनेकदा लिली खोवलेली असते. एशियाटिक व ओरिएंटल लिली, तसेच बागेतली डे-लिली मांजराच्या जिवावर बेततात. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले, तरी २४ ते ७२ तासांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी लक्षणांची वाट पाहू नये, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपायही करू नये. तडक पशुवैद्यांकडे जावे आणि जाताना झाडाची फांदी किंवा औषधाचे पाकीट सोबत न्यावे.

गुलाब आणि मांजर एकत्र नांदवणे काही अवघड नाही. मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे पसरावेत, म्हणजे उकरणे थांबते. खालचे काटे छाटावेत. पसाभर गहू एका पसरट कुंडीत पेरावेत, कोवळी पाती मांजराला हक्काने कुरतडता येतात.

घरात काही बिघडले, की ज्याचे काटे दिसतात त्यालाच आपण दोषी धरतो. औषधाचा दाणा आणि लिलीचा पराग मात्र डोळ्यांत भरत नाहीत. म्हणून झाड उपटण्याआधी एकदा त्याच्या बुंध्याशी वाकून पाहावे, त्या मातीत आपणच काय कालवले आहे ते.