कडू घास

अंत्ययात्रा स्मशानाकडे निघाली, की मागे राहिलेल्या बायांतली एखादी न बोलता उठते, शेजारच्या घरात जाते आणि पिठल्याला आधण ठेवते. ज्या घरचं माणूस गेलं, तिथली चूल त्या दिवशी पेटवत नाहीत. पुरुषमंडळी अंघोळी करून परततात, कडुनिंबाची पानं चावतात, आणि मग झाकलेल्या परातीतून पिठलं-भाकरी येते. महाराष्ट्रात पुष्कळ गावांत याला कडू घास म्हणतात. कुठे तो भावकीनं आणायचा, कुठे सोयऱ्यांनी, कुठे शेजाऱ्यांनी.

त्या वेळी कुणालाच जेवायचं नसतं. घसा कोरडा पडलेला, अन्न समोर आलं तरी मळमळतं. मग एखादी म्हातारी भाकरीचा तुकडा मोडून हातात देते. ‘‘दोन घास खाऊन घे गं बाई. तू खाल्लंस तर पोरं खातील.’’ आणि ती खाते. भूक लागली म्हणून नव्हे, पोरं बघतायत म्हणून. गेलेल्या माणसाबद्दल म्हातारी चकार शब्द काढत नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवते आणि तिथंच बसून राहते.

या रीतीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ती काही विचारत नाही. ‘काही लागलं तर सांगा’ हे आपण मनापासूनच म्हणतो. पण काय लागेल ते शोधायचं आणि वर तोंड उघडून मागायचं, हे काम आपण दुःखात बुडालेल्या माणसावर टाकलेलं असतं. कडू घास ते ओझं टाकत नाही. तो येतोच.

माणसाला हे फार पूर्वी आणि अनेक ठिकाणी उमगलं. इ. स. 629 मध्ये मुताच्या लढाईत पैगंबर मुहम्मदांचे चुलतभाऊ जाफर पडले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, असं पैगंबरांनी सांगितल्याची हदीस आहे. ज्यू धर्मात दफनानंतरचं पहिलं जेवण आप्तांनी स्वतःचं खायचं नसतं, ते शेजाऱ्यांनी आणायचं. त्यात उकडलेली अंडी असतात, मसूर असतो. आपल्याकडचं पिठलं याच पंगतीतलं. घरात पीठ असतंच, झटपट होतं, आणि दुखऱ्या घशाखाली उतरतं.

हा आधार तेराव्याच्या गोड जेवणाशी संपत नाही. त्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, म्हणून आळीतून चिवडा-करंज्यांचे डबे जातात.

2020 च्या साथीत अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा होती, आणि सुतकाच्या घराचा उंबरा ओलांडणं अवघड झालं. तेव्हाही लोकांनी डबे दाराबाहेर ठेवले, बेल वाजवली आणि मागे सरले. जेवण पोचलं. भाकरी मोडून देणारा हात मात्र पोचला नाही, आणि त्या काळात एकट्यानं जेवलेल्यांच्या मनात ते अजून सलतं.

शहरात आता दहाव्या-तेराव्याचा स्वयंपाक केटरर करून देतात. त्यात वावगं काही नाही. पन्नास पानं कोण वाढणार? पण पहिल्या दिवसाची भाकरी तरी शेजारच्याच तव्यावरची असावी. समोरच्या फ्लॅटमधल्यांशी आपली नीट ओळख नसली तरीही.