जीवधनच्या तुटक्या पायऱ्या

गौरी-गणपती झाले होते आणि बाजरी काढणीला यायला आठ-दहा दिवस अवकाश होता. तेवढ्या सवडीत आमच्या बचत गटातल्या अकराजणींनी जुन्नरजवळचा जीवधन किल्ला पाहायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "देव नाही, जत्रा नाही, उगीच डोंगर कशाला चढायचा?" मला काळजी दुसरीच होती. त्या अकराजणींत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, आणि चैत्रापासून आमचं बोलणं बंद होतं.

भांडण पाण्याचं. घोड धरणाचं पाणी चारीनं येतं. आमचं रान चारीच्या शेवटाला, त्यांचं आमच्या वर. त्या पाळीला त्यांचं भिजवणं लांबलं आणि आमच्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. उभा कांदा वाळला. रात्री दाऱ्यावर मी नको ते बोलले. त्यांनीही बाकी ठेवलं नाही.

जुन्नरहून घाटघरला गेलो. आधी नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण पाहिला आणि मग गावातला एक वाटाड्या घेऊन किल्ल्याची वाट धरली. आपल्याकडं शिरूर-दौंडला वर्षाचा पाऊस 20 इंचांच्या आसपास, माळावर कुसळंच फार. तिकडं घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट पडतो. सगळा उतार सोनकीनं पिवळा झालेला. गौर म्हणून आपण हौसेनं घरात आणतो तो तेरडा तिथं वाटेवर पसरलेला. कारवी मात्र नुसती हिरवी, ती सात वर्षांनी एकदा फुलते. कातळावर बोटभर माती, पण तेवढ्यावर केवढी फुलं!

पुढं कातळात खोदलेल्या पायऱ्या लागल्या. वरच्या अंगाला त्या तुटलेल्या आहेत. 1818 साली इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, असं वाटाड्या म्हणाला. तिथं दोर धरून चढायचं होतं. आम्ही पदर खोचले, चपला पिशवीत टाकल्या. निम्म्यात गेल्यावर शेवाळावरून माझा पाय सटकला. खाली पाहिलं आणि डोळे फिरले. तेवढ्यात वरून आवाज आला, "खाली बघू नको. डावा पाय त्या खाचेत ठेव. आण हात इकडं."

जाऊबाईंचा हात होता. खुरप्यानं घट्टे पडलेला, माझ्यासारखाच. मी तो धरला आणि वर आले. दोघींनाही काही बोलायला सुचलं नाही.

गडावर धान्याची जुनी दगडी कोठी आहे. आत काळोख, पायाखाली काळी राख. लढाईत जळालेल्या धान्याची ती राख, असं सांगतात. आम्ही सगळ्या गप्प झालो. घरात आलेलं धान्य जाणं म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही.

माथ्यावर वाटाड्यानं कुकडीचं खोरं दाखवलं. पूरच्या कुकडेश्वरापाशी ती उगम पावते, माणिकडोहला अडते, पुढं निघोज-टाकळी हाजीच्या कुंडांतून वाहत घोडेला मिळते, आणि घोड भीमेला. जाऊबाईंचं माहेर दौंड तालुक्यातलं, भीमेच्या काठी. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आईच्या रानात आणि आपल्या रानात एकच पाणी की गं!"

भाकरी सोडल्या तेव्हा त्यांनी न विचारता माझ्या भाकरीवर ठेचा वाढला. मी म्हटलं, "जाऊबाई, त्या रात्री मी फार बोलले." त्या म्हणाल्या, "चुकलं माझंही. तुझा कांदा काही परत येत नाही. पण पुढच्या पाळीला शेवटाकडून सुरुवात करू. आधी तुझं भिजू दे."

कार्तिकात पाणी सुटलं. दोन दिवस ते आमच्या रानात होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे, कुणी हाक मारायच्या आत, मीच दारं मोडून पाणी त्यांच्या हरभऱ्याला लावलं.