बुराडीच्या खादरातून

नवरात्र उलटून शरदाचे ऊन निवळले आणि पावसाळाभर खादरात, म्हणजे काठच्या पूरमैदानात, पसरलेली यमुना आपल्या पात्रात परतली, तेव्हा बुराडी घाटाचा परिसर एकदा पायांखालून घालावा, हा कित्येक वर्षे मनात राहिलेला संकल्प आम्ही दिल्लीकर मराठी मंडळींनी तडीस नेला. जगतपूरजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानापासून पहाटेच निघालो. बरोबर इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक होते, सारा जन्म पहाडगंजात काढलेल्या दोन काकू होत्या आणि महाविद्यालयात शिकणारी काही मुले होती.

पूर अडविणाऱ्या बांधाला येथील लोक पुश्ता म्हणतात. त्यावरून उत्तरेकडे चालू लागले की डाव्या हाताला घरांची दाटी आणि उजव्या हाताला नदीने आणून घातलेल्या गाळाची सपाट, मऊ जमीन. मुळ्याची, पालकाची हिरवी शेते, झेंडूचे पिवळे तुकडे, आणि त्यांच्या पलीकडे काशाचे शुभ्र तुरे थेट पाण्यापर्यंत. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटर झाली होती, तेव्हा यातले काहीच दिसत नव्हते, असे एका शेतकऱ्याने आम्हांला सांगितले. त्याच गाळावर त्याचे आजचे पीक उभे होते, आणि नदीविषयी बोलताना त्याच्या तोंडी तक्रारीचा शब्द नव्हता.

पुश्ता सोडून आम्ही सरकंड्यात शिरलो. डोक्याच्या वर गेलेल्या त्या गवतात चार पावलांवरचा सोबती दिसेना, हाका मारीत चालावे लागले. आणि बखरींतून, पत्रांतून, शाळेच्या पुस्तकांतून वाचलेला तो प्रसंग मला प्रथमच खरोखर कळला. १० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस. थंडीने नदीचे पाणी ओसरून जागोजाग उतार मोकळे झालेले, ते रोखण्यासाठी दत्ताजी शिंद्यांच्या चौक्या बसलेल्या; आणि पलीकडून नजीबखानाचे रोहिले याच झाऊच्या व बोरूच्या आडोशाने बंदुका घेऊन अलीकडे आलेले. मोकळ्या मैदानात वाऱ्यासारखे धावणारे मराठ्यांचे घोडे या रानात अडकले, भाला फिरवायला जागा उरली नाही. दत्ताजी येथे पडले, जनकोजी जखमी झाले. नदीने तेव्हापासून पात्र पुष्कळ पालटले आहे, त्यामुळे ती जागा हीच असे बोट ठेवून दाखविणे कठीण. परंतु शौर्यात काही उणे नसताना ते सैन्य का हरले, याचे उत्तर मात्र हे गवत आजही देते.

प्राध्यापकांनी येथे बसून पुढचा भाग सांगितला. त्याच वर्षीच्या शरदात मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब कुंजपुरा जिंकून बसले होते. पावसाने भरलेली यमुना नजीबखानाच्या पाठीशी असलेल्या अफगाण अहमदशहा अब्दालीला पलीकडेच रोखून धरील, हा त्यांचा हिशेब. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात अब्दालीने बागपताजवळ, काही माणसे वाहून गेली तरी, फौज पार केली, आणि दिल्लीचा रस्ता व रसद दोन्ही तुटली. पानिपताचे खापर आपण माणसांवर फोडीत आलो. नदीचे चढउतार ध्यानात घेऊन तो इतिहास पुन्हा लिहिला पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते.

येथवर पाणी तसे नितळ. १९५९ सालच्या वझिराबाद बंधाऱ्याच्या खाली नजफगडचा नाला मिळतो आणि तेथून ओखल्यापर्यंतच्या २२ किलोमीटरांत यमुनेचे जे होते, ते पाहवत नाही. काकूंनी वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. शहरातल्या घाटावर असे कधी धजावलो नसतो, असे त्या म्हणाल्या.

बागपत राजधानी क्षेत्रातच मोडते. पुढल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तेथे जाऊन पाणी किती असते ते पाहावे, असे मुलांनीच ठरविले, आणि कोणत्या बसने जायचे याचा खल करीत आम्ही बुराडीच्या रस्त्याला लागलो.