दुसऱ्या गिअरमधला घाट

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवली, मग सावंतवाडी आणि तिथून पुन्हा घाट चढून आंबोली. सह्याद्रीत प्राणी पाहायला निघालेल्याला यापेक्षा चांगला रस्ता मी सांगू शकणार नाही. निघावं जूनमध्ये, पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर. अभयारण्याची फाटकं तेव्हा बहुधा बंद असतात, पण त्याची खंत नको. त्या दिवसांत जंगलच रस्त्यावर येतं.

राधानगरीचं धरण मागे पडलं की दोन्ही अंगांनी झाडी दाटत जाते. हा गव्यांचा मुलूख. दाजीपूरला १९५८ साली संरक्षण मिळालं ते गव्यांसाठीच. गवा आधी दिसतो तो पायांनी. काळंभोर अंग धुक्यात विरून जातं आणि गुडघ्याखालचे पांढरे मोजे तेवढे ओलं गवत तुडवत चाललेले दिसतात. इंजिन बंद करून गप्प बसावं. तो मान वर करतो, फुसकारा सोडतो, आपल्याला पुरतं न्याहाळतो आणि पुन्हा चरायला लागतो. त्याने आपल्याला चालवून घेतलं, याचा आनंद मला कुठल्याही फोटोपेक्षा मोठा वाटतो.

आंबोली मात्र रात्रीची. डबक्यावर झुकलेल्या फांदीवर हिरवागार मलबारी उडता बेडूक बसलेला असतो. पाय पसरले की बोटांमधले लालसर पडदे दिसतात. जोडी जमली की मादी अंगातून पाझरलेला द्राव मागच्या पायांनी घुसळते. हळूहळू त्याचा पांढरा फेस होतो, त्यात अंडी राहतात, आजूबाजूची पानं त्याला चिकटतात. काही दिवसांनी फेस पावसाने सैल होतो आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपटप गळतात. हे घुसळणं पाहताना भर पावसात उभं राहिल्याचं भानही उरत नाही.

“टॉर्च खाली धरा, आणि पाय बघून टाका,” आमचा वाटाड्या दर थोड्या वेळाने बजावत होता. कारण सड्यावरचा, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरचा, आंबोली टोड. जेमतेम अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळसर पट्टे. नवी जात म्हणून त्याची नोंद झाली २००९ साली, आणि आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. जांभ्या खडकावरच्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो; पावसाने उघडीप दिली तर ते पाणी आटतं आणि अंडीही वाळून जातात. त्या पाण्याकडे जाताना त्याला डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. हेडलाइटच्या झोतात तो जागीच बसून राहतो. सकाळी रस्त्यावर चपटे झालेले बेडूक पाहिले आणि धबधब्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा राग आला, आमचीही त्यांतलीच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पहिल्या पावसाच्या त्या मोजक्या रात्री सड्यालगतच्या पट्ट्यात वाहतूक थांबवावी. ते होईपर्यंत तिथे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेऊ नये, आणि पुढे काही हललं तर एकाने खाली उतरून वाट मोकळी करून द्यावी.