माशाचा काटा

सभा म्हटली की माझ्या पायांत गोळे येतात. इतरांना सभेत निदान बसायला मिळते म्हणून बरे वाटत असेल. पण सहा तास उभ्याने काढल्यावर मिळालेली खुर्ची घरातली नसेल तर तिच्यात सुख कसले? आणि आमच्या सरकारी इस्पितळातल्या ‘गुणवत्ता वर्तुळा’ची सभा भरते ती नेमकी दुपारी दोनला, सकाळची पाळी सुटते तेव्हा.

हे वर्तुळ मूळचे जपानचे. 1962 साली इशिकावा नावाच्या प्राध्यापकांच्या प्रेरणेने तिथल्या कारखान्यांत कामगारांचे लहान लहान गट बसू लागले. यंत्रावर ज्याचा हात, त्यानेच दोष शोधावा आणि उपायही त्यानेच सुचवावा, अशी त्यामागची कल्पना. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम काढला आणि ते वर्तुळ घरंगळत सरकारी प्रसूतिगृहांत येऊन पोहोचले.

तसे पाहिले तर आकडे मांडणे आम्हा परिचारिकांना नवे नाही. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक शिपाई मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1858 साली रंगीत पाकळ्यांचा तक्ता काढून दाखवले होते. पण त्यांना तक्ते काढायला उसंत मिळाली ती युद्ध संपल्यावर. आमचे युद्ध रोज आठ वाजता नव्याने सुरू होते!

पहिल्या सभेत फळ्यावर माशाचा सांगाडा निघाला. डोक्याच्या जागी दुखणे लिहायचे आणि एकेका काट्यावर एकेक कारण; ही युक्तीही इशिकावांचीच. दुखणे होते बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. काटे होते माणसे, साधने, पद्धत आणि जागा. आमची एक मालवणकडची सिस्टर हळूच म्हणाली, “काटे तेवढे आमच्या पानात, मासा कोणी खाल्ला?” थोरल्या सिस्टर हसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी तीस वर्षांत पुष्कळ सुधारणा पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मते प्रत्येक सुधारणा म्हणजे आणखी एक रजिस्टर. बाळाचा जन्म एकदाच होतो, त्याची नोंद मात्र पाच ठिकाणी करावी लागते, हे त्यांचे नेहमीचे गाऱ्हाणे. ते खोटे आहे असे मी तरी म्हणणार नाही. नोंद करताना बाळंतिणीकडे पाठ होतेच.

तिसऱ्या सभेत मात्र निराळेच घडले. चहा घेऊन आलेल्या मावशी दाराशी थबकल्या आणि म्हणाल्या, “डाक्टर, रात्री ते इंजेक्शन आणायला मी पळते, ते नाही का लिहायचं?”

ते इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. मूल जन्मले की मिनिटाच्या आत ते द्यायचे, म्हणजे गर्भाशय आवळते आणि रक्त आटोक्यात राहते. पण ते थंडाव्यात, दोन ते आठ अंशांत, ठेवावे लागते. आमचा फ्रीज होता औषधांच्या कोठीत, कोठीला कुलूप, आणि किल्ली खालच्या मजल्यावर. ट्रेमधल्या चार कुप्या संपल्या आणि पाचवी बाई बाळंत झाली, की मावशींची धाव सुरू. तरुण डॉक्टरांनी घड्याळ लावून मावशींबरोबर ती फेरी मारली. सात मिनिटे लागली.

सांगायचे ते हे, की ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. आजवर कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता सांगण्याची सरकारी नोकरीत रीत नाही. पाच आठवड्यांनी प्रसूतिकक्षात छोटा फ्रीज आला. त्या रात्री मावशींनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिले. (तपासणीच्या आधी ते पुसावे लागले, हा भाग निराळा.) मग मीही सभेला कुरकुरत का होईना, पण जाऊ लागले.

‘माणसे’ या काट्याचे मात्र काही हलत नाही. रात्री दोन सिस्टर असाव्यात तिथे एकच असते. दुसरी जागा रिकामी आहे. हा विषय निघाला की अध्यक्ष चष्मा पुसत म्हणतात, “ते आपल्या वर्तुळाबाहेरचं आहे.” त्यांच्या हातात नाही, हे मलाही कळते. फ्रीज मागता येतो. सिस्टर मागायची कोणाकडे?

फळा दर महिन्याला पुसला जातो. दर महिन्याला थोरल्या सिस्टर सगळ्यांच्या आधी उठतात, तोच काटा काढतात, त्यापुढे “रात्रपाळी: 2 हव्यात, आहे 1” असे ठसठशीत अक्षरांत लिहितात आणि मग खुर्चीत बसून पाय चोळू लागतात.