गळ्यात माळ, हातात काडी



मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. दिंडीत मागच्या ओळीत टाळ वाजवणारा माळशिरस तालुक्यातला साधा ऊसकरी शेतकरी आहे. अधिकाराने सांगावे असे माझ्याजवळ काही नाही. जे लिहितो आहे ती माझ्या चुकीची हकीगत आहे, आणि ती लिहायला मला बरीच वर्षे लागली.

माळ घातली त्याला बावीस वर्षे झाली होती तेव्हाची ही गोष्ट. दर महिन्याची शुद्ध एकादशी पंढरपुरात, वद्य एकादशीचा उपवास घरी, आषाढीला आळंदीहून पायी. नेमात कसूर नव्हती. आणि त्याच बावीस वर्षांत, ऊसतोड टोळी फडातून बाहेर पडली की चार-आठ दिवसांत मी पाचट पेटवत होतो. यात काही वावगे आहे असे मनातही आले नाही. आमच्याकडे सगळेच पेटवत. पाचट पडून राहिले तर खोडव्याला पाणी नीट बसत नाही, उंदीर होतात, मशागतीला बैल किंवा ट्रॅक्टर घालता येत नाही आणि गोळा करायला मजूर मिळत नाही. एका काडीत अर्ध्या तासात चार एकर मोकळे. यापेक्षा स्वस्त मशागत कोणती?

त्या वर्षी फाल्गुन वद्य एकादशी होती. संध्याकाळी वारा पडला तसे मी बांधावरून काडी ओढली. जाळ उसळला आणि वर टिटवीची जोडी ओरडू लागली. आगीवरून घिरट्या घालायची, खाली झेपावायची, परत वर जायची. अंधार पडला तरी आवाज थांबला नाही. सकाळी पाहिले तर बांधालगतच्या मोकळ्या ढेकळांत चार अंडी होती. तडकलेली, काळवंडलेली.

घरी आलो. आई ओट्यावर बसली होती. ती शाळेत गेलेली नव्हती, पण हरिपाठ तिला तोंडपाठ होता.

"काल काय होतं रे?" तिने विचारले.

"एकादशी."

"तू काय खाल्लंस?"

"काही नाही. दोन केळी."

"स्वतः उपाशी राहिलास. मग आगीला एवढं जेवायला का घातलंस?"

मला उत्तर आले नाही. आई पुढे काही बोललीही नाही.

त्या आषाढात नेहमीप्रमाणे चालत होतो. नीरा नदीत पादुकांचे स्नान झाले, पालखी सातारा जिल्ह्यात शिरली. नदी ओलांडली की पाडेगाव लागते. तिथले ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे आहे. आमच्या भागात घरोघरी लावला जाणारा को ८६०३२ हा ऊस, ज्याला 'नीरा' म्हणतात, तो तिथूनच प्रसारित झाला. इतकी वर्षे त्या गावातून टाळ वाजवत गेलो, पण त्यांनी दिलेले बेणे घेतले, सांगितलेले कधी ऐकले नाही. वारी करून परत आलो आणि श्रावणात एस.टी.ने मुद्दाम पाडेगावला गेलो. तिथल्या एका साहेबांनी मला बसवून हिशेब मांडून दाखवला. तो हिशेब मी आजही वहीत जपून ठेवला आहे.

एकरी साधारण तीन ते चार टन पाचट निघते. माझ्या चार एकरांचे चौदा टन धरू. शंभर किलो पाचटात सुमारे अर्धा किलो नत्र, एक किलोच्या आसपास पालाश आणि तीस-पस्तीस किलो सेंद्रिय कर्ब असतो. पेटवल्यावर पालाश बराचसा राखेत उरतो, पण नत्र आणि कर्ब धुराबरोबर जातात. चौदा टनांतला नत्र म्हणजे युरियाच्या तीन गोण्या झाल्या. त्या मी दरवर्षी फुंकून टाकत होतो आणि दुकानातून तेवढ्याच विकत आणत होतो. तो युरिया कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून तयार होतो, म्हणजे तिथेही जळणच. शिवाय जमिनीत घातलेल्या नत्रखताचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जबर.

मी त्यांना अडवून विचारले, "साहेब, उसाने हवेतला कर्ब घेतला आणि जाळल्यावर तो हवेतच परत गेला. यात वाढले काय?"

ते हसले. म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. पण उघड्या रानात पाचट पूर्ण जळत नाही. धुरातून मिथेन जातो, नायट्रस ऑक्साइड जातो, काजळी जाते. ते उसाने हवेतून घेतलेले नव्हते. आणि जो कर्ब तुमच्या मातीत थोडाफार मुरला असता, तोही गेला. मातीतला कर्ब गेला की पाणी धरून ठेवण्याची तिची ताकद जाते. मग मोटार जास्त चालवता. मोटारीची वीज मुख्यतः कोळशाची."

एका काडीला किती पाय फुटतात ते तेव्हा कळले.

त्या हंगामात मी पाचट पेटवले नाही. त्यांनी सांगितले तसे केले. पाचट सऱ्यांमधून पसरले, बुडखे जमिनीलगत छाटले, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, पाणी दिले. मुलगा वैतागला. "आबा, सगळ्या शिवारात आपलंच रान घाणेरडं दिसतंय," म्हणाला. खरेच तसे दिसत होते. पण चैत्र-वैशाखात फरक दिसू लागला. शेजारच्या रानाला भेगा पडल्या तेव्हा माझ्या पाचटाखाली हात घातला तर ओल होती. पाण्याची पाळी पुढे ढकलता आली. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण चार युनिट वीज खाते आणि एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रात्री उठून मोटार चालू करायला जावे लागले नाही, त्या प्रत्येक तासामागे तीन किलोच्या आसपास वायू वाचला. आणि माझी झोपही वाचली, हे खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या वर्षी मात्र परीक्षा झाली. शेजारचे तात्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आमच्याच दिंडीतले. त्यांनी आपले पाचट पेटवले. वारा फिरला, ठिणगी बांध ओलांडून माझ्या वाळलेल्या आच्छादनात पडली. पाचट तर गेलेच, वर फुटलेला खोडवाही होरपळला. मी धावत गेलो तोवर दोन एकर गेले होते. तोंडात शिव्या आल्या होत्या. तात्याही घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस आधी भांडतो.

"तू पाचट ठेवलंस म्हणून पसरली आग!" ते म्हणाले. "पेटवून टाकलं असतंस तर काय जळलं असतं?"

उत्तर तयार होते. पंचनामा, भरपाई, भाऊबंद, सगळे डोक्यात फिरले. पण बावीस वर्षे मीही काडी ओढली होती. माझी ठिणगी कुणाच्या रानात गेली नाही हे माझे शहाणपण नव्हते, वाऱ्याची मेहेरबानी होती. आणि ठिणगी गेली नसली तरी धूर कुठे बांध मानतो? तो तर सगळ्यांच्याच रानात जात होता. मी गप्प राहिलो. महिनाभर आम्ही बोललो नाही. दिंडीत एकमेकांच्या पाया पडणारी माणसे आम्ही, बांधावर तोंड फिरवून जात होतो.

आषाढीच्या वाटेवर वेळापूरच्या मुक्कामात तात्या राहुटीत माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "औंदा दोन एकराचं ठेवीन म्हणतो. कसं कुजवतात ते दाखव. पण बांधाकडेचं पाचट आत ओढून पट्टा मोकळा ठेवू, दोघंबी." तो मोकळा पट्टा आम्ही दोघे आजही ठेवतो. तात्या अजून निम्मे रान पेटवतात. मी त्यांना बोलत नाही. निम्मे राहते, हे मला दिसते.

घरात मात्र सौभाग्यवतीने मला पकडले. "रानातली काडी सोडलीत, आता घरातल्या काड्या मोजा की," ती म्हणाली. मोजू लागलो. स्वयंपाकाच्या एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळला की सुमारे बेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होतो. गोठ्यात पाच जनावरे, त्यांचे शेण उकिरड्यावर. दोन घनमीटरचा गोबर गॅस बसवला. त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागते, ते घरचेच. सकाळचा चहा आणि दोन्ही वेळच्या भाकरी त्यावर होतात. सिलिंडर आता पाहुण्यांसाठी. डाळ-तांदूळ आधी भिजवून कुकरात लावायची शिस्त तिची. मी फक्त झाकण ठेवायला शिकलो.

मग महिन्याची वारी. काही वर्षांपासून आम्ही दोघे मुलाच्या गाडीने पंढरपूरला जात होतो. जाऊन येऊन शंभर किलोमीटर, सात लिटर पेट्रोल, लिटरला सव्वादोन किलोच्या वर वायू. म्हणजे माणशी आठ किलो. एस.टी. त्याच वाटेने जाते. ती वीसेक लिटर डिझेल जाळत असेल, पण चाळीस माणसे नेते. माणशी दीड किलोही होत नाही. आम्ही परत एस.टी. धरली. स्टँडवर थांबावे लागते खरे. तेवढ्यात हरिपाठ होतो.

आणि सप्ताह. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात भोजनाची व्यवस्था माझ्याकडे असते. शेवटच्या दिवशी उरलेला भात-भाजी मळ्यामागच्या खड्ड्यात ओतायची, वर माती लोटायची, ही जुनी रीत. अन्न हवेशिवाय कुजले की मिथेन तयार होतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. प्रसाद म्हणून शिजवायचे आणि विष करून पुरायचे, असेच ते होते. आता आदल्या रात्री वस्तीवार माणसांचा अंदाज घेतो. भात एकदम शिजवत नाही, दोन वेळा करून लावतो. वाढपी पोरांना सांगून ठेवले आहे, आधी थोडे वाढा, मग पुन्हा विचारा. भात फार झाला तर गाईला घालणेही बरे नाही, पोट फुगते. उरलेच तर थोडे थोडे गोबर गॅसच्या टाकीत जाते. तिथेही मिथेनच होतो, पण चुलीवर जळून चहा देतो.

मुलगा एकदा म्हणाला, "आबा, मोठमोठे कारखाने, विमानं, परदेशातली श्रीमंत माणसं जाळतात ते बघा. तुमच्या चार एकरानं काय होणार?" त्याचे चूक नाही. आपल्या देशात माणशी कार्बन डायऑक्साइड जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ज्याने जास्त जाळले त्याने जास्त आवरावे, हा न्याय आहे आणि तो मागितलाच पाहिजे. पण मी त्याला वीणेच्या पहाऱ्याचे सांगितले. सप्ताहात सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली टेकत नाही. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. रात्री दोन ते चारचा पहारा असणारा माणूस असे म्हणत नाही की, मंडपात कुणी नाही, माझ्या दोन तासांनी काय होणार. त्याने खाली ठेवली तर सगळ्यांचाच नेम मोडतो. दुसऱ्याने पहारा चुकवला म्हणून आपल्याला सूट मिळत नाही.

मुलगा पटले असे म्हणाला नाही. पण या वर्षी टोळी गेल्यावर पाचटावर जिवाणू टाकायला तोच गेला, मी सांगण्याआधी.

आई आता नाही. वद्य एकादशीला संध्याकाळी मी बांधावरून एक फेरी मारतो. मागच्या फाल्गुनात टिटवी अंगावर धावून आली. म्हणजे अंडी जवळपास असणार. मी शोधली नाहीत. लांबूनच वळून घरी आलो.

सज्जनहो, आपण उपवास धरतो तो अन्नाचा. पुढच्या एकादशीला एक मोजदाद करून पाहा. आपण त्या दिवशी आगीला काय काय खायला घातले? त्यातले एक कमी करा आणि त्याचा नेम धरा. नेम कसा पाळायचा हे वारकऱ्याला मी सांगायला नको.

रामकृष्ण हरी.